मान ‘कट’ करून घेण्याआधी: झटक्यात डिस्कला काय होतं आणि काय तपासून घ्यायचं

दाढी झाली, चंपी झाली, की सलूनमधला माणूस एक तळवा हनुवटीखाली ठेवतो, दुसरा कानामागे. मान दोनदा हळू डोलवतो आणि तिसऱ्यांदा एका झटक्यात फिरवतो. कट. मग दुसरी बाजू. नागपुरात इतवारीपासून धरमपेठेपर्यंत हे कटिंगसोबत फुकटात मिळतं. मे महिन्यात रात्रभर कुलरसमोर झोपून मान धरली की लोक ते मुद्दाम मागूनही घेतात. फिजिओथेरपिस्टच्या टेबलावरही मानेला झटका देण्याचं तंत्र आहे, त्याला मॅनिप्युलेशन म्हणतात. आवाज दोन्हीकडे सारखाच येतो, म्हणून आवाजावरून काहीही ठरवू नका. मान कोणत्या कोनात नेली, किती लांबून जोर लावला आणि नंतर हातातल्या मुंग्या वर सरकल्या की खाली उतरल्या, यावर सगळं ठरतं.

आवाज डिस्कचा नसतो

मानेच्या प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन छोटे सांधे असतात, फॅसेट सांधे. त्यांत बोटांच्या सांध्यासारखंच वंगण असतं. सांध्याचे दोन पृष्ठभाग अचानक एकमेकांपासून दूर झाले की आतला दाब घसरतो आणि वंगणात वायूची पोकळी तयार होते. आवाज तेव्हाचा. 2015 मध्ये बोटांचे सांधे ओढताना एमआरआयमध्ये चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी तयार होताना दिसली. बोट एकदा मोडलं की साधारण वीस मिनिटं ते पुन्हा वाजत नाही, त्याचं कारणही हेच.

डिस्कमध्ये, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीत, असं वंगण नसतं. ती दोन मणक्यांच्या मध्ये ठेवलेली सुटी चकतीही नाही, वरच्या आणि खालच्या मणक्याच्या कुर्च्येला ती तंतूंनी घट्ट जोडलेली असते. त्यामुळे ‘चकती सरकली’ आणि ‘चकती बसवली’ ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. होतं असं, की बाहेरच्या कड्याला चीर पडते आणि आतला गर त्या चिरेतून मागे सरकतो. टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर आली की झटका देऊन परत आत जात नाही, तसाच हा गर. मग झटक्यानंतर बरं का वाटतं? फॅसेट सांध्याभोवतीच्या चेतातंतूंना एकदम ताण बसतो, त्यामुळे आकडलेले स्नायू थोडे सुटतात आणि वेदनेची जाणीव काही काळ दबते. हा आराम खरा असतो. पण डिस्क होती तशीच असते, आणि आराम ओसरला की माणूस पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतो.

मानेची डिस्क कंबरेच्या डिस्कसारखी नसते

बरेच गैरसमज इथून सुरू होतात. मानेत मणके 7, पण डिस्क 6. कवटी आणि पहिला मणका यांच्यात डिस्क नाही, पहिल्या-दुसऱ्यातही नाही. मान वळण्याचं जवळपास अर्धं काम नेमकं याच पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होतं, एका बाजूला साधारण 40 अंश. त्रास सहसा होतो तो सी 5-6 (पाचव्या-सहाव्या मणक्यामधली) आणि सी 6-7 (सहाव्या-सातव्यामधली) या डिस्कना. तिथे एका मणक्याच्या वाट्याला वळण्याचे जेमतेम 5 ते 7 अंश येतात. म्हणजे हनुवटी खांद्याकडे नेली की आधी वरचा भाग आपली सगळी मोकळीक वापरून टाकतो आणि उरलेला ताण खाली पोचतो.

कंबरेच्या डिस्कभोवती तंतूंचं पूर्ण कडं असतं. मानेत ते चंद्रकोरीसारखं असतं, समोर जाड आणि बाजूंना निमुळतं. मागे मधोमध उभ्या तंतूंची एक पातळ पट्टी, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. तिच्या दोन्ही बाजूंना, मागच्या कोपऱ्यात, कडं जवळजवळ नसतंच. तिथे डिस्कला आवरतो तो फक्त मणक्यांच्या मागून खाली जाणारा लांब बंध. नस बाहेर पडते तीही याच कोपऱ्यातून. शिवाय मानेच्या मणक्यांच्या कडा बाजूंनी वर उचललेल्या असतात, ताटाच्या कडेसारख्या, आणि त्यांच्याजवळ डिस्कमध्ये आडव्या भेगा वयात येतानाच पडू लागतात. हा आजार नव्हे. या भेगा असतात म्हणूनच मान वळू शकते. मणका वळताना समोरचं जाड कडं खुंटीसारखं स्थिर राहतं आणि मणक्याचा मागचा भाग त्याच्याभोवती झुलतो.

वयाचंही गणित आहे. लहानपणी आतला गर पाणीदार असतो, तिशी-चाळिशीपर्यंत तो चिवट, तंतुमय होतो. मऊ गर बाहेर येऊन नस दबणं हे प्रामुख्याने 30 ते 50 च्या दरम्यानचं दुखणं. साठीनंतर नस दाबतो तो बहुतेक वेळा हाडाचा वाढलेला काठ, आणि हाडाचा काठ कुठल्याही झटक्याने झिजत नाही.

झटक्यात काय काय होतं

मान खाली वाकवली की डिस्क समोरून दाबली जाते आणि मागून ताणली जाते. मान मागे टाकली की उलट होतं: डिस्कचा मागचा भाग कालव्याकडे, म्हणजे मज्जारज्जू जातो त्या पोकळीकडे, फुगतो, कालव्याच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा बंध घडी पडून आत येतो आणि मज्जारज्जूची जागा दोन्हीकडून आवळते. आता वळण्याचं पाहू. फॅसेट सांध्यांचे पृष्ठभाग तिरके असतात, साधारण 45 अंशांत, म्हणून खालची मान नुसती वळत नाही, ज्या बाजूला वळते त्याच बाजूला झुकतेही. उजवीकडे वळलात तर उजव्या नसेची खिडकी लहान होते, डावी उघडते. उजव्या हातात मुंग्या असतील तर मान मागे, उजवीकडे झुकलेली आणि उजवीकडेच वळलेली ही नसेसाठी सगळ्यात वाईट स्थिती. सलूनच्या खुर्चीत डोकं मागच्या टेकूवर रेललेलं असतं आणि झटका तिथूनच मिळतो. म्हणजे तीच स्थिती.

दुसरी अडचण वेगाची. क्लिनिकमधला झटका साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. ताण जाणवून स्नायूंनी जोर धरायला त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे मानेचे राखणदार जागे होईपर्यंत काम झालेलं असतं. जोरही थोडाच लागतो. प्रशिक्षित हातांच्या मोजमापांत मानेवरचा झटका 100 न्यूटनच्या आसपास भरला आहे, म्हणजे सुमारे 10 किलो वजनाइतका. हा जोर नेमका कुठे पोचतो, सगळा प्रश्न तिथे आहे.

प्रशिक्षित हात एका मणक्याजवळ बोट टेकवतो, बाकीच्या मानेची मोकळीक आधी काढून घेतो आणि तिथून काही अंशांचाच झटका देतो. हनुवटी धरून मान फिरवणं म्हणजे लांब दांड्याने सातही मणके एकत्र फिरवणं. अशा वेळी जो सांधा आधीच सैल आहे तोच सगळ्यात जास्त फिरतो आणि जखडलेला जागचा हलत नाही. झिजलेल्या डिस्कच्या वरचा मणका पुष्कळदा असाच सैल झालेला असतो. महिनोन्‌महिने दर आठवड्याला मान मोडून घेणाऱ्याला दर वेळी आवाज ऐकू येतो, आणि तो त्या सैल सांध्यातून येत असतो.

पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी आणखी एक नाजूक गोष्ट आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढते आणि इथे वळसा घेते. मान शेवटच्या टोकापर्यंत वळली की ती ताणली जाते. तिचं आतलं अस्तर फाटणं दुर्मीळ आहे, पण त्यातून पक्षाघात होऊ शकतो. म्हणूनच मान टोकापर्यंत नेऊन झटका देऊ नये.

कोणाला हात लावू देण्याआधी घरी हे करा

खुर्चीत ताठ बसा. समोर बारा वाजले आहेत आणि खांदा तीनवर आहे असं धरा. दुखऱ्या बाजूला मान वळवा. नाक दोनपर्यंत, म्हणजे 60 अंशांपर्यंत पोचत नसेल आणि हातात कळ उतरत असेल, तर नस दबल्याचा संशय घ्या. मग त्या हाताचा तळवा डोक्यावर ठेवून अर्धा मिनिट थांबा. कळ कमी झाली तर संशय पक्का होत जातो, कारण हात वर गेला की नसेवरचा ताण सैल पडतो.

आता बोटं पाहा. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर असेल तर बहुतेक सी 5-6, मधलं बोट असेल तर सी 6-7, करंगळी असेल तर त्याखालची जागा. ताकदही पाहा. भिंतीवर तळवा टेकवून कोपर सरळ करत ढकला. एका बाजूला जोर कमी पडला तर मधल्या बोटाच्या नसेकडे लक्ष द्या.

यापुढची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच टाळली जाते. दहा सेकंदांत मूठ पूर्ण उघडा, पूर्ण मिटा, आणि मोजा. वीसपेक्षा कमी झालं, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, टाचेला पंजा लावून एका रेषेत दहा पावलं चालताना तोल गेला, मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी झिणझिण उतरली, किंवा लघवीवरचा ताबा बदलला, तर प्रकरण नसेपुरतं नसेल, मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा मानेला झटका द्यायचा नाही, कोणाकडूनही नाही. मणक्याच्या डॉक्टरकडे जा, आणि पुढच्या महिन्यावर टाकू नका.

झटका वर्ज्य असलेली आणखी माणसं: आमवात (रुमॅटॉइड संधिवात) असलेली (पहिला-दुसरा मणका सैल झालेला असू शकतो), डाउन सिंड्रोम असलेली, हाडं ठिसूळ झालेली किंवा वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेली, मानेचं ऑपरेशन झालेली. गाडीवरून पडल्यावर मानेचा एक्स-रे होईपर्यंत कोणीच नाही. संध्याकाळचा ताप, घटतं वजन आणि रात्री न थांबणारी कळ असेल तर मणक्याचा टीबी आधी नाकारायला हवा. विदर्भात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घरात कोणाला सिकलसेल आहे का? या आजारात मणक्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खचू शकतं, त्यात जंतुसंसर्गही होतो. आपल्याकडे हा आजार इतका आहे की मान हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर त्यासाठी रकाना असावा.

आणि धमनीची चिन्हं: आयुष्यात कधी झाली नव्हती अशी मानेची किंवा डोक्याची कळ, चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना अडणं, चेहरा बधिर, एक पापणी खाली, पाय लटपटणं. धमनी फाटायला लागली की पहिलं लक्षण कित्येकदा नुसती मानदुखीच असते, आणि माणूस ‘मान लचकली’ म्हणत ती मोडून घ्यायला जातो. नवी, वेगळी वाटणारी मानदुखी असेल तर झटका नकोच.

एमआरआयचा कागद कसा वाचायचा

‘सी 5-6 डिस्क बल्ज’ (डिस्कचा फुगवटा) हे शब्द वाचून घाबरू नका. चाळिशीनंतर मान कधीही न दुखलेल्या माणसांतही बल्ज सर्रास सापडतो. तुमच्या बोटांचा नकाशा आणि कागदावरची जागा जुळते का, ते बघा. कागद सी 5-6 म्हणतो आणि बधिर करंगळी आहे, तर दुखणं त्या डिस्कचं नाही. ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ म्हणजे मानेची नेहमीची कमान सरळ दिसते आहे. स्नायू आकडले असतील किंवा मशीनमध्ये तसं झोपवलं असेल तरी ती सरळ दिसते, झटक्याने परत आणण्याची ती गोष्ट नाही. मात्र ‘कॉर्ड सिग्नल चेंज’ किंवा ‘मायलोमलेशिया’ हे मज्जारज्जूला इजा झाल्याचं सुचवणारे शब्द दिसले, किंवा कालव्याची रुंदी 10 मिलिमीटरच्या आत लिहिली असेल, तर झटक्याचा विषय तिथेच संपला.

टेबलावर काय व्हायला हवं

आधी विचारपूस, मग रक्तदाब. मग डोळ्यांची हालचाल, चेहरा, हातापायांची ताकद, हातोडीने रिफ्लेक्सची तपासणी. एवढं न करता पहिल्या पाच मिनिटांत मानेला हात घालणाऱ्याकडून उठून यावं. मान टोकाला वळवून अर्धा मिनिट धरून ठेवायची आणि चक्कर येते का विचारायचं, ही जुनी चाचणी धमनीबद्दल भरवशाचं काही सांगत नाही. तिच्यावर विसंबून ‘सगळं ठीक’ म्हणणाऱ्याला बाकीच्या तपासण्यांचं विचारा. राज्याच्या फिजिओथेरपी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नका. धोका काय, पर्याय काय, हे सांगून तुमची संमती घेतली पाहिजे, आणि ‘नको’ म्हटल्यावर उपचार थांबता कामा नयेत.

झटका द्यायचाच असेल तर पाठीवर झोपवून, डोकं हातांत तोलून, मान मधल्या स्थितीत किंवा किंचित पुढे. मागे टाकलेली नाही. थोडं एका बाजूला झुकवून, थोडं दुसरीकडे वळवून एका मणक्यापाशी ताण जमवतात, मग काही सेकंद तिथेच थांबून विचारतात: काही होतंय का? हातात कळ, चक्कर, मळमळ काहीही असेल तर झटका रद्द. झटका छोटा असतो आणि आवाज आला नाही म्हणून लगेच दुसरा, जास्त जोराचा देत नाहीत. आवाजासाठी पुन्हापुन्हा झटकणं ही प्रशिक्षित हातांकडूनही होणारी चूक आहे.

हातात कळ उतरत असलेल्या रुग्णाला त्या मणक्यावर झटका देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाठीच्या वरच्या भागाचं मॅनिप्युलेशन मानदुखीलाही उतार देतं आणि मानेला हात लावावा लागत नाही. मानेवर संथ, लयीतली हालचाल द्यावी, एका वेळी अर्धा ते एक मिनिट, तीनदा. संथ ओढीला डिस्कचे तंतू हळूहळू सैल पडतात, अचानक ओढीला तेच तंतू ताठरतात, म्हणून संथ हालचाल इथे जास्त कामाची. ट्रॅक्शन (मानेला यंत्राने ओढ देणं) लावायचं तर झोपून, मान 20 ते 25 अंश पुढे, सुरुवात शरीराच्या वजनाच्या 7 ते 10 टक्क्यांनी. 60 किलोच्या माणसाला 4 ते 6 किलो. पंधरा मिनिटं, ओढ आणि ढील आलटूनपालटून. दाराला अडकवायचं ट्रॅक्शन ऑनलाइन मागवून स्वतः लावू नका, त्यात जबड्यावरच जास्त ओढ येते आणि मान मागे जाते.

कळ बोटांतून कोपराकडे, कोपरातून खांद्याकडे सरकली तर दिशा बरोबर आहे, मान थोडी जास्त दुखली तरी. मान हलकी वाटली पण मुंग्या बोटांपर्यंत उतरल्या, तर उपचार चुकतोय. तिथेच थांबवायला सांगा.

घरचं काम

पाठीवर झोपा, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. डोकं न उचलता हनुवटी गळ्याकडे किंचित आत घ्या, ‘हो’ म्हणताना हलते तेवढीच. 10 सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. गळ्यासमोरचे उभे स्नायू टणक झाले तर तुम्ही जोर जास्त लावताय, कमी करा. कुशीवर झोपणाऱ्याने उशी खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी जाड घ्यावी. कुलरची हवा डिस्कला इजा करत नाही, पण गार वाऱ्यात अंग आखडून रात्रभर एकाच कुशीवर पडून राहिलं की सकाळी मान वळत नाही. जाळी फिरवा, झोत पायांकडे घ्या. कळमना बाजारात पोती वाहणाऱ्यांची मान आधीच वजनाखाली वाकलेली असते, मागची पातळ पट्टी दिवसभर ताणलेली. हातात मुंग्या असताना त्यांनी डोक्यावरचं ओझं बंद करावं, हातगाडी वापरावी. मानेचा पट्टा लावला तर आठवडा-दोन आठवडे, त्याहून जास्त नाही, स्नायू लुळे पडतात.

आणि थांबायची तयारी ठेवा. हातात उतरणारी कळ बहुतेकांत 6 ते 12 आठवड्यांत ओसरते. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. ताकद कमी होत चालली असेल तर मात्र वाट पाहू नका.

झटक्यानंतर दिवस-दोन दिवस अंग दुखल्यासारखी मान दुखणं चालतं. पण त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत चक्कर, दुहेरी दिसणं, बोबडं बोलणं, तोल जाणं, एक बाजू बधिर असं काहीही झालं तर झोपून बघू म्हणू नका आणि पुन्हा मान मोडायला तर मुळीच जाऊ नका. लक्षण सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहा, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 108 ला फोन करा. मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) जवळ असो की मिहानमधलं एम्स, पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा: मानेला झटका दिला होता, अमुक वाजता. नुसत्या चक्करेचा रुग्ण आणि मान झटकलेला चक्करेचा रुग्ण यांच्या तपासण्या वेगळ्या असतात, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन त्या वाक्यावरूनच सांगितला जातो.